विमलबाईंच्या जिन्यावरची पाटी

मित्रांनो, पेणमध्ये विमलबाईंच्या गायन-वादन वर्गाचा जिना चढताना उजव्या हाताला पांढरी पाटी दिसते ना, ती मी. दिसते म्हणजे समोर असते. माझ्यावर निळ्या अक्षरांत वर्गाचे आठ नियम लिहिले आहेत. अकरा वर्षांत ते पूर्ण वाचलेली माणसं मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतील.

मूळची मी प्लायवूड, एका मंडळाच्या मखरातून उरलेली. गणपती घडवणाऱ्या हमरापूर गावच्या कमळाकरदादांनी मला घासलं, रंगवलं आणि पाटी केलं. कमळाकरदादा आखणीवाले, म्हणजे गणपतीचे डोळे काढणारे. बाकीचं सगळं रंगकाम झालं की मूर्ती त्यांच्यापुढे येते, आणि तोवर माती असलेली ती पुढे माणसाकडे बघू लागते. सीझन नसला की ते दुकानांच्या पाट्या रंगवतात. बाईंनी दिलेला नियमांचा कागद त्यांनी भिंतीला चिकटवला आणि काना-मात्रा न चुकता माझ्यावर उतरवला. वाचला मात्र नाही. वाचता येत नव्हतं असं नाही. "वाचाया लागलो का अक्षर वाकडं येतं," असं त्यांचं म्हणणं. अक्षर देखणं आलं. लोक तेवढंच बघायचे आणि वर जायचे.

माझी सेवा म्हणाल तर पुष्कळ झाली. दसऱ्याला मला हार पडायचा आणि तो दिवाळीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या नियमावर वाळत राहायचा. पावसाळ्यात माझ्या खिळ्याला छत्र्या टांगल्या जायच्या. मुलाचं नाव घालायला आलेले पालक मला हात लावून नमस्कार करायचे, जणू आत पेपर द्यायचा आहे. एका गृहस्थांनी माझा फोटो काढला. त्यानंतरही ते वर्षभर तिसरा नियम मोडून वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि मुलाला हातवारे करून सूर दाखवायचे.

दोन वर्षांपूर्वी कमळाकरदादा आपली नात ऋतुजा हिला घेऊन आले. शनिवारच्या वर्गात सहाच मुलं बसतात, कारण खोलीत सहाच पेट्या मावतात. त्यातली एक जागा रिकामी झाली होती.

"बाहेर नियम आहेत, तेवढे वाचून घ्या हं," बाई म्हणाल्या.

"बाई, मीच लिवलेत की ते," दादा म्हणाले. "मना काय सांगता."

दोघंही हसले. मी हसले नाही. बाईंना वाटलं, या माणसाला नियम पाठ असणार. दादांनाही तसंच वाटलं.

ऋतुजाचा आवाज चांगला होता. ती वरचा सा लावायची तेव्हा खालचा रिक्षावाला इंजिन बंद करायचा. यंदा नोव्हेंबरात तिची पहिली परीक्षा होती, आणि अर्ज वर्गातूनच जातो. मुलगी दिवस मोजत होती.

गेल्या दिवाळीच्या सुमारास रोह्याहून अजरा नावाच्या बाई आपल्या मुलीला, अफशाला घेऊन आल्या. नवरा आखातात असतो. त्या जिन्यावर थांबल्या आणि माझ्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवत वाचू लागल्या. मला लाजल्यासारखं झालं. मग आत जाऊन त्यांनी विचारलं, "घसा बसला तर त्या दिवशी नुसती पेटी शिकवाल का? आणि गाडी चुकली तर फोन केला तर चालेल ना?" विमलबाई इतक्या चकित झाल्या की त्यांनी चहा ठेवला. पण जागा नव्हती. अजराबाई आठ महिने थांबल्या.

मग आषाढ आला आणि हमरापुरात घराघरातले हात रंगात गेले. ऋतुजाकडे मूर्तींपुढचे मातीचे उंदीर असतात. शाळेतून आली की ती त्यांचे कान रंगवते. एक शनिवार गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या शनिवारी तिच्या पेटीवर अफशा बसली. पाचव्या शनिवारी दादा नातीला घेऊन जिना चढले. कोपरापर्यंत गुलाबी रंग तसाच होता.

"बाई, जरा उशीर झाला. सीझन हाय ना."

बाई दारातच उभ्या राहिल्या. "दादा, मी दोनदा फोन केला होता."

"आखणी करताना फोन घेत नाय मी. हात हलला तर देव तिरळा व्हतो."

"जागा दिली मी दुसऱ्या मुलीला. परीक्षेचे अर्जही गेले."

दादा एक पायरी वर चढले. मग हळूच म्हणाले, "आवाज ऐकलाय ना तुमी पोरीचा."

"ऐकलाय. म्हणून तर दोनदा फोन केला."

फी भरायला आत आलेल्या अजराबाई उठून आल्या. "बाई, आम्ही पुढच्या वर्षी येऊ का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा." मग दादांकडे वळून म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मीच लिहिलेत म्हणालात."

हे चाललेलं असताना ऋतुजा माझ्यापुढे उभी होती. तिने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. शाळेतला धडा वाचतात तशी, मोठ्याने. पाचव्या नियमाशी आली.

"न सांगता सलग तीन वेळा गैरहजर राहिल्यास जागा पुढील मुलास दिली जाईल. गणपतीच्या कामासाठी दोन महिने रजा मिळेल. आधी फक्त सांगावे."

ती थांबली. "आजा, नुस्तं सांगायचं व्हतं."

दादा जवळ आले. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, मग परत वाचली. हमरापूरच्या मुलांसाठी बाईंनी मुद्दाम घातलेली ओळ, त्यांच्याच हातची.

"अक्षर चांगलं आलंय," ते म्हणाले.

आत अफशाने सा धरला. बरा लागला. खाली रिक्षाचं इंजिन चालूच होतं. ऋतुजा आजाच्या पुढे होऊन एकटीच जिना उतरली.

मित्रांनो, माझ्या पाया पडू नका. हारही नको, त्याने अक्षरं झाकली जातात. कुठल्याही वर्गात नाव घालायला जाल तेव्हा तिथली माझ्यासारखी पाटी आधी वाचा, आईबाबांना वाचायला लावा, आणि कळलं नाही तर आत जाऊन विचारा. विचारणाऱ्याला कोणी हाकलत नाही. कधी कधी चहासुद्धा मिळतो. मला वाचायला दोन मिनिटं लागतात. ऋतुजाला जरा जास्त लागली, कारण पाचव्या नियमापुढचे तीन तिने जिना उतरण्याआधी वाचलेच, तिला आता ते लागू नसताना.