एवढं एक म्हणा

आमच्या घरात लसूण शिजत नाही. सोवळ्याचं कारण नाही. यांना तो वास आला की उलटी होते, आणि मग दम लागतो तो लवकर बसत नाही. फौजेतल्या त्या विषारी तेलाला असाच वास होता म्हणे.

लढाईत हे बंदुकीजवळही नव्हते. कुठल्याशा डेपोत त्या तेलाच्या लोखंडी पिंपांची थप्पी लावायचं काम. एका दुपारी एक पिंप गळलं. साहेबानं हुकूम सोडला, अंगावरचं सगळं काढा, करदोडासुद्धा ठेवू नका, चुन्यात टाका आणि नळाखाली उभे राहा. यांनी सगळं काढलं, गळ्यातलं लिंग तेवढं काढलं नाही. आमच्या लिंगायतांत लिंग अंगावेगळं झालं तर माणूस जिवंतपणी मेला म्हणतात. यांनी ते मुठीत झाकलं आणि ज्यात बांधलेलं होतं त्या कापडासकट परत छातीवर घेतलं. कापड तेल प्यायलं होतं. सकाळी छातीला आणि डाव्या तळव्याला फोड आले. पूजेला लिंग ठेवतात तोच तळवा.

फोड सुकले, दम राहिला. तो लिंगानं नाही, वासानं लागला. पिंपाजवळचे दोघं तर तिथंच गेले. फौजेनं यांना घरी धाडलं. आता घागर उचलवत नाही, पोरीला खांद्यावर घेऊन ओसरीपर्यंत जाववत नाही. दीर जेवताना तांब्या आपटतो.

शेजारचे शरणबसप्पा काका आधीच्या लढाईतले जमादार. त्यांनी सांगितलं, "सोलापूरला डॉक्टरापुढं उभं ऱ्हायाचं. नोकरीत झालं म्हनून त्यानं लिवलं की अपंगाची पेन्शन लागती. फौजेच्या दवाखान्यात दम्याची सुई बी मिळती."

सुई म्हटल्यावर माझं मन तिथंच अडकलं.

"साहेब एकच इचारंल," काका म्हणाले. "हुकूम झाल्यावर समदं काढलं व्हतंस का? व्हय म्हनायचं. बास."

"पन काढलं न्हवतं, काका."

"आरं येड्या, त्यो का तवा नळाखाली हुबा व्हता? हुकूम मोडला म्हनलास की तुझं तूच करून घेतलंस असं लिवून मोकळा हुतो. मंग बस लसणाला भीत!"

हे हसले आणि ते हसू खोकल्यात गेलं.

मोटारीत मी यांच्या कानाशी लागले. "अहो, काढलं होतं म्हणा. एवढं एक म्हणा."

"अंगावर लिंग न्हवतं म्हनू?"

"देवाला ठाऊक हाय की. साहेबाला कशाला पायजे?"

मांडीवरच्या पोरीनं यांचं बोट धरून तोंडात घातलं होतं. तिच्याकडं बघत हे म्हणाले, "म्हनतो."

हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायानं आमचं गाठोडं उचकलं. सोबत आलेले काका म्हणाले, "चटणी हाय मियाँ, बिनलसणाची. जप्त करून बी पस्तावशीला." शिपाईही हसला. त्या हसण्यानं मला उगीच वाटलं, आज होईल काम.

डॉक्टर आपल्याकडचेच होते, पण हिंदुस्थानीत बोलायचे. मी पोरीला घेऊन दारात उभी. त्यांनी यांच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. कपाळाला आठी पडली ती दयेची होती, मला कळत होतं.

"हुकुम के बाद सब उतारा था?"

"जी."

"गले का ये भी?"

यांनी पोरीकडं बघितलं. "जी, उतारा था."

डॉक्टरांनी मान डोलवली, लिहायला घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. मग दौतीत टाक बुडवता बुडवता ते सहज म्हणाले, "दाग देखना है. जरा ये उतारो."

यांचा डावा हात आपोआप वर गेला. लिंग मुठीत.

"बाजूला धरतो, साहेब."

"एक मिनट."

"न्हाय, साहेब."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. त्या मुठीकडं बघितलं, मुठीखालच्या डागाकडं बघितलं. मूठ आणि डाग एकाच मापाचे. "एक मिनट नहीं उतारता," ते हळू म्हणाले, "तो उस दिन उतारा था?"

"काढलं होतं!" मी दारातून ओरडले. "साहेब, काढलं होतं हो!" पोर दचकून रडायला लागली. तिचं लिंगही माझ्याच गळ्यात, जाणती होईतो आईनंच वागवायचं असतं. पदर सरकला होता. डॉक्टरांची नजर माझ्या गळ्यातल्या दोन्हींवरून गेली आणि परत यांच्यावर आली.

"न्हवतं काढलं," हे म्हणाले.

"दम हवा से है, मैं जानता हूँ," डॉक्टर म्हणाले. "मगर हुकुम तोडा है, तो ऊपर मंजूर नहीं होगा. मैं क्या करूँ?"

परतीला काका रागावले नाहीत, तेच लागलं मला. म्हणाले, "धाराशिवला कलेक्टराकडं अर्ज करू."

"निजाम म्हनंल फौज इंग्रजाची," हे म्हणाले.

"आन् इंग्रज तरी कुठं ऱ्हातोय आता," काका म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

मला लई राग होता. इतकं एक खोटं बोलले, मग एक मिनिट काढलं असतं तर काय बिघडलं असतं? ते विचारायला मी वळले, तेवढ्यात पुढच्या बाकावर कुणी शिदोरी सोडली. लसणाची चटणी. यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी खिडकी ओढत होते, ती अडकलेली. शेवटी पदराचा बोळा यांच्या नाकाशी धरला आणि डोकं खांद्यावर घेतलं. माझा हात यांच्या छातीवर होता. हाताखाली लिंग वरखाली होत होतं.

"पोरीचं हाय न्हवं गळ्यात?" दम धरत धरत यांनी विचारलं.

"हाय."

मग मी काही विचारलं नाही. आमचा मुरुमचा फाटा येईपर्यंत यांचे श्वास ऐकत बसले. एक जायचा, आणि दुसरा यायला वेळ लावायचा.