आत बसणारी माणसं

"बाय, बॅटरी खाली धर. माझ्या डोक्यात काय बघतेस?" वॉशिंग मशीनच्या पोटात हात घालून वहाब म्हणाला.

"टक्कल किती वाढलं ते," त्याची लेक रईसा म्हणाली.

स्वयंपाकघरात अम्मी हसली. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, गॅसचे मास्क पलंगाखाली तयार होते. तरी सौदीतल्या अबकैकमधला तो बुधवार रोजच्यासारखाच होता. जानेवारी एक्क्याण्णव. लढाई होणार, होणार, असं इतके महिने ऐकलं होतं की आता कुणाला ते खरं वाटत नव्हतं.

वहाब रत्नागिरीहून येऊन इथल्या तेलाच्या प्लांटवर टेक्निशियन झालेला. रईसाची बारावी झाली होती, आणि डेट्रॉइटच्या मामूने तिथल्या कॉलेजात तिची सोय लावली होती. फक्त निवडायचं होतं: इंजिनिअरिंग की इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी. पहिल्यात गणित आणि आखणी जास्त. दुसऱ्यात यंत्रं उघडायची, चालवायची, हात काळे करायचे. मामू शनिवारी फोन करणार होता.

"दुसरं म्हणजे माझंच काम, नुसतं इंग्रजीत," वहाब म्हणाला. "इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, मुहंदिस लिहिलेला इंजिनिअर एसीत बसतो. मी उन्हात टाकीवर चढतो. तू आत बस."

"आत बसून करू काय?"

"मला हुकूम सोड. वहाब, चढ वर!"

"आणि तुम्ही चढाल?"

"तू सांगितलंस तर धावत चढेन."

पंपात अडकलेला मोजा आधी तिच्याच बोटांना लागला. तिने तो ओढून काढला, आणि पाणी खळखळत वाहून गेलं. वहाबने तिच्यापुढे फडकं धरलं.

"पूस. मुहंदिसबाईंचे हात असे नसतात."

मला असेच हवेत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तो इतका खुशीत होता. उद्या सांगू, असं म्हणून तिने हात पुसले.

पहाटे रेडिओने सांगितलं, बगदादवर बाँब पडताहेत. वहाबने चहा अर्धाच घेतला. विमानं बंद झाली होती; मायलेकींसाठी लढाईपासून लांब, जेद्द्याच्या बसची तिकिटं मिळतात का बघायला तो दमामला निघाला.

"अब्बा, मला एक सांगायचं होतं."

"आल्यावर सांग. यल्ला, निघतो. दार लावून घ्या."

दमामच्या रस्त्यावर दाट धुकं होतं, आणि लष्करी ट्रेलरांची रांग. त्यातल्या एका ट्रेलरखाली त्याची पिकअप गेली. दुपारी त्याच्या प्लांटवरचे जमालुद्दीनचाचा दारात आले, आणि आत न येता तिथेच खाली बसले.

शनिवारी पुरुष मंडळी मय्यत घेऊन कबरस्तानाकडे गेली. बायकांनी तिथे जायचं नव्हतं. त्या घरात तसबी ओढत बसल्या असताना फोन वाजला.

मामू आधी नुसता रडला. मग म्हणाला, "बेटा, कॉलेजला आजच कळवायचंय गं. इंजिनिअरिंगच सांगतो. भावजींची तीच इच्छा होती."

"नको मामू. टेक्नॉलॉजी सांगा."

"काय? लाइन खराब आहे. मोठ्याने बोल!"

"टेक्नॉलॉजी!"

"अगं, पण भावजी तर..."

"मला अब्बांसारखं व्हायचंय!" ती ओरडली.

मागे तसबीचे मणी थांबले. अम्मीने मान वर केली. रिसीव्हरमधून मामू काहीतरी विचारत होता. रईसाने तो कानापासून दूर केला.

"तुमच्यासारखं व्हायचंय, अब्बा," ती म्हणाली.