मीठवाल्याच्या खुणा

डोंगराच्या पोटातल्या प्रयोगशाळेत ती सरांच्या हाताखाली शिकली आणि तिथंच, गोठवलेल्या स्फटिकांपाशी, तिचे केस पांढरे झाले. अणूच्या गाभ्याचा एका विशिष्ट प्रकारे ऱ्हास होताना एरवी बाहेर पडणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण बाहेर पडलेच नाहीत, असं कधी घडतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. घडलंच तर युगायुगांत एखादवेळी. आशेपायी डोळे फसू नयेत म्हणून सरांनीच रीत घातली होती: एकानं खऱ्या नोंदींत खोट्या खुणा गुपचूप मिसळायच्या आणि तपासणी संपल्यावरच त्या सांगायच्या. या खोट्या खुणांना सगळे मीठ म्हणत आणि ते मिसळणाऱ्याला मीठवाला.

त्या सकाळी पडद्यावर, जिथं इतकी वर्षं त्या शोधत होते त्या नेमक्या जागी, खुणांचा पुंजका दिसला. तिला राहवलं नाही. मीठवाल्याची वाट न पाहता तिनं इस्पितळात अंथरुणाला खिळलेल्या सरांना फोन लावला. "सर, सापडलं."

दुपारी मीठवाला आला आणि पडद्याकडे पाहून ओशाळला. "ताई, या सगळ्या माझ्याच. अजून कुणाला सांगितलं नाहीत ना?"

ती तडक इस्पितळात गेली. सर उशीला टेकून बसले होते. कित्येक दिवसांनी त्यांनी दाढी करून घेतली होती. ती दारातच थांबली.

"मिठाच्याच निघाल्या ना?" त्यांनीच विचारलं.

तिनं मान डोलावली.

"म्हणजे यंत्राची नजर चांगली आहे. खरं काही आलं असतं, तर तेही दिसलं असतं." त्यांनी पाठीची उशी खाली सरकवली. "जा पोरी. मला जरा पडू दे."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिनं पांघरूण सारखं केलं, तेव्हा त्याखाली त्यांचे खांदे हलत होते.