गुरुवारचा अंगठा

रविवारी माझ्या हातून बोलिंगचा बॉल असा सुटतो की बघणाऱ्यानं बघत राहावं. हे मी म्हणत नाही, आमचे भावजी म्हणतात, आणि माझं कौतुक करताना त्या माणसाच्या अगदी जिवावर येतं. पण गुरुवारी, म्हणजे नेमकं मॅचच्या दिवशी, तोच हात, तोच बॉल, तीच लाकडी लेन, आणि अंगठा आपला बॉलच्या भोकात रुतून बसलेला! बॉल पुढे घरंगळायचं सोडून वर उडतो, लेनवर धप्पकन आपटतो आणि डावीकडच्या पन्हळीत, म्हणजे गटारात जातो. पलीकडे दहाच्या दहा पिना ताठ उभ्या. मग मागून धाकटी जाऊ म्हणते, "असू दे हो ताई, होतं असं कधी कधी." त्यापेक्षा शिवी परवडली.

आमचं कपडे शिवायचं दुकान आहे. मी कापते, धाकटी आणि माझी सून मशीनवर शिवतात, आणि भावजी, म्हणजे माझे दीर, इस्त्री करतात. दर गुरुवारी संध्याकाळी बोलिंगच्या हॉलमध्ये आसपासच्या दुकानदारांच्या मॅचेस असतात. चार-चार जणांच्या टीम, आणि आमची टीम म्हणजे आम्हीच चौघं. चौथ्या नंबरावर सगळ्यात भरवशाचा माणूस ठेवतात, कारण मॅच अडली की ती त्याच्याच हातात येते. गेली अकरा वर्षं तो नंबर माझा. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, पण हा नंबर मला हवा आहे. साठी उलटलेली बाई बॉल उचलते आणि हॉलभर लोक "आता हिच्यावर सगळं" म्हणून वळून बघतात, ते मला आवडतं. त्यात लाजायचं काय?

तर लागोपाठ चार गुरुवार मी माती खाल्ली. पाचव्याच्या आधी भावजींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि घसा खाकरला. त्यांनी घसा खाकरला की पुढे काहीतरी वाईट येणार हे ठरलेलं.

"वहिनी, राग मानू नका."

"मानणार. बोला तुम्ही."

"येत्या गुरुवारी बेकरीवाल्यांशी शेवटची मॅच. जमलं तर उत्तमच. नाहीतर पुढच्या वर्षी चौथा नंबर सूनबाईला देऊ. तुम्ही पहिल्या नंबरावर या. तसा पहिला नंबरही महत्त्वाचाच असतो."

"एवढा महत्त्वाचा असेल तर तुम्हीच घ्या की!"

त्यांनी पुन्हा इस्त्री हातात घेतली. सून खाली मान घालून बाही जोडत होती. तिचा चेहरा काही मला दिसला नाही, आणि तेच मला खुपलं.

त्यानंतर जो तो शहाणा झाला. धाकटी म्हणाली, श्वास सोडा. भावजी म्हणाले, गुडघा वाकवा. त्यांचा स्वतःचा गुडघा गेल्या कित्येक वर्षांत वाकलेला कोणी पाहिला नाही. हॉलमधल्या मेकॅनिकनं बॉलचं भोक तपासलं, माझा अंगठा आत घालून फिरवून बघितला आणि म्हणाला, "आजी, माप चोख आहे. तुम्ही घाबरता, बाकी काही नाही." मी आणि घाबरते! माझा नुसता तिळपापड झाला.

शनिवारी दुपारी जरा निवांत होतं, तेव्हा सूनच बोलायला आली. ती फार बोलत नाही. नऊ वर्षं झाली लग्नाला. माझा मुलगा ट्रक घेऊन महिन्यातले पंधरा दिवस बाहेर, त्यामुळे घरात आणि दुकानात आम्ही दोघी सतत एकमेकींसमोर, पण तिच्या पोटात काय चाललंय ते मला कधी कळत नाही.

"आई, गुरुवारी तुम्ही दिवसभर कापता."

"मग काय करू, नाचू?"

"तसं नाही हो. रविवारी दुकान बंद असतं. तुमच्या हातात कात्री नसते." तिनं स्वतःचा हात पुढे केला आणि हवेतच कात्री चालवून दाखवली. "कात्रीत अंगठा सारखा दाबायचा असतो. बॉल सोडताना मात्र तो सगळ्यात आधी बाहेर यायला हवा, बोटं त्याच्या मागून. सहा तास दाबून दाबून तो सोडायचंच विसरतो. बाकी तुमचं काही चुकत नाही."

"बरं. मग गुरुवारी कापायचं कोणी?"

बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे कापड येतं. गुरुवारी कापून झालं नाही तर शुक्रवारी दोन्ही मशीन बसून. हे तिलाही माहीत होतं. ती जरा घुटमळली आणि हळूच म्हणाली, "मी कापू?"

माझ्या कात्रीला तीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागलेला नाही. माझ्या डोक्यात जे आलं ते सांगते, लपवत नाही. हिला माझा नंबरही हवा आणि माझी कात्रीही. वर बोलणं किती गोड! मी म्हटलं, "तुझी बाही उसवलीय बघ," आणि विषय संपवला. बाही अजिबात उसवलेली नव्हती.

पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. तिला खोटं पाडायचं म्हणून रविवारी सकाळी मी एकटीच दुकानात गेले, जुन्या अस्तराचा गठ्ठा काढला आणि तीन तास नुसतं कापत बसले. गरज काही नव्हती, निव्वळ खुन्नस. तिथून थेट हॉलमध्ये गेले. रविवारचा माझा हुकमी दिवस. चार पावलं टाकली, हात मागून पुढे आणला आणि... धप्प! डावं गटार. दुसरा बॉल, धप्प. तिसरा तर शेजारच्या लेनकडे बघून आला. हात मला सापडतच नव्हता. सुनेचं खरं होतं, आणि ते कबूल करताना माझ्या तोंडाची चव गेली.

बुधवारी संध्याकाळी चौदा कोटांचं काळं कापड आलं. वाद्यवृंदातल्या लोकांचे कोट, एकाचं पोट दुसऱ्याला नाही. गुरुवारी सकाळी मी कात्री टेबलावर सुनेपुढे ठेवली.

"खडूच्या रेषेच्या आत गेलीस तर याद राख."

"हो, आई."

"आणि लोकर आहे ती, ओढू नकोस."

"नाही ओढत."

ती इतक्या पटकन उभी राहिली की खुर्ची मागे पडली. मी कोपऱ्यात बसून बटणांचे रंग निवडत राहिले. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून दिवसभर तिच्याकडेच बघत होते. तिनं आधी पूर्ण लांबी हातानं चाचपली, मगच पहिली चीर दिली. मला वाटलं होतं ती घाबरेल, पण ती चक्क गुणगुणत होती. जेवायलासुद्धा उठली नाही. संध्याकाळी सहाला चौदा कोटांचे तुकडे बांधून फळीवर ठेवलेले होते.

मॅचला सुरुवातीपासूनच माझा अंगठा गुणी बाळासारखा वागत होता. बॉल खाली आला की तो आपला अलगद बाहेर, मागून बोटं, आणि बॉल लेनवर आवाजही न करता उतरायचा. पहिल्या पाळीला स्ट्राइक, एकाच बॉलमध्ये दहाच्या दहा. दुसऱ्या पाळीला नऊ आणि लगेच उरलेली एक. भावजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. ते त्यांचं जाहीर भाषण समजायचं.

आणि मग मला धप्प ऐकू आलं.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. सुनेचा बॉल डाव्या गटारात चालला होता. पुढच्या पाळीला पुन्हा तेच. "सूनबाईला आज झालंय तरी काय?" भावजी कपाळाला हात लावून म्हणाले. धाकटी म्हणाली, "असू दे गं, होतं असं." सून परत येऊन माझ्या शेजारी बसली. तिचा अंगठा लाल झाला होता, मुळापाशी कात्रीच्या कडीचा वळ उठला होता. तिनं तो मुठीत लपवला. दाबून दाबून अंगठा सोडायचं विसरतो, हे मला सांगणारी हीच. म्हणजे आज आपलं काय होणार हे तिला सकाळीच ठाऊक होतं. चौथा नंबर नक्की तिचाच होणार होता, मी आणखी एकदा माती खायचा अवकाश, आणि तिनं आपल्या हातानं तो घालवला. मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू.

तिच्या गटारांमुळे मॅच माझ्यापर्यंत अडून आली. बेकरीवाल्यांचं सगळं खेळून झालं होतं. माझ्या शेवटच्या पाळीत नऊ पिना पडल्या तर आम्ही जिंकणार, आठ पडल्या तर बरोबरी, त्याहून कमी तर ते. हॉलभर लोक वळले, पण त्या वेळी मला त्यांची काही पडली नव्हती. पहिल्या बॉलला सात पडल्या. उजवीकडे तीन उरल्या. दुसरा बॉल मी उचलला, चार पावलं टाकली आणि अंगठा सोडला. दोन पडल्या, तिसरी डुलली डुलली आणि उभी राहिली. राहू दे. नऊ झाल्या होत्या. भावजी ओरडत सुटले, धाकटीनं मला मिठी मारली, आणि बेकरीवाला येऊन "आजी, तुमच्यापुढे हात टेकले" म्हणून गेला.

परत येताना भावजी आणि धाकटी पुढे चालत होते. मी सुनेला मागे थांबवलं.

"तुला माहीत होतं, आज तुझा बॉल अडकणार ते."

"हो."

"मग कशाला केलंस? पुढच्या वर्षीचा नंबर तुझा होता. घे तू. खरंच घे. मी सांगते भावजींना."

"मला नको तुमचा नंबर," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "सगळे माझ्याकडे बघायला लागले की मला तिथून पळून जावंसं वाटतं. मला कात्री हवी होती, आई. नऊ वर्षं हवी होती. लग्नाआधी मी कापायलाच शिकले होते. तुम्ही मशीनवर बस म्हणालात, मी बसले."

तोंडात मारल्यासारखं झालं. नऊ वर्षं ही मुलगी माझ्यापासून दोन हातांवर बसून शिवत होती, आणि तुला काय येतं, एवढं मी विचारलं नव्हतं.

"मग बोलायचं ना, बाई!"

"तुमच्याशी?" ती म्हणाली, आणि हसायला लागली. मग मलाही हसू आलं.

मी तिचा हात ओढून घेतला. अंगठा कढत झाला होता. माझाही पहिल्या वर्षी असाच सुजायचा, तेव्हा कोणी चोळून दिला नव्हता. चालता चालता मी तो मुळापासून टोकापर्यंत चोळत राहिले आणि म्हटलं, "पुढच्या बुधवारी येईल ते कापडही तूच काप."