ट्रिस्टनची कापडी होडी

मित्रांनो, कापडाची होडी म्हटल्यावर हसायला येतं ना? हसा खुशाल. मी जुनी आहे, मला सवय आहे. अटलांटिक महासागरातल्या आमच्या ट्रिस्टन बेटावर मोठं झाड उगवतच नाही, वारा ठेवतोय कुठं! म्हणून सफरचंदाच्या फांद्यांच्या माझ्या फासळ्या, वर ताणलेलं जाड कापड, त्यावर तेलरंग. फासळ्या अँब्रोजकाकानं वाकवल्या, कापड त्याच्या थोरल्या बहिणीनं, डॉर्कसमावशीनं शिवलं. दोघं त्यातही इतकी भांडली की मी पाण्यात उतरले हेच नवल.

माझ्या जन्माच्या कितीतरी आधी इथं इंग्रज सैनिकांचा तळ होता. तळ उठला, पण एक कुटुंब राहिलं. मग फुटक्या जहाजांतून माणसं आली, लांबच्या बेटावरून नवऱ्या आल्या, गाव झालं. बटाटे लावायचे, मासे धरायचे. पाठीशी ज्वालामुखी होता, पण तो झोपलाय असं समजून सगळे निवांत.

एकोणीसशे एकसष्ट साली तो उठला! गावाला खेटूनच जमीन फुटली, निखारे उडाले. अख्खं गाव जहाजानं इंग्लंडला गेलं. मी वर गवतात, पालथी, दगडांना बांधलेली. रापले, वाळले, रंगाचे पापुद्रे निघाले. खाली वितळलेला दगड वाहत समुद्रात उतरला आणि होड्या लावायचा आमचा किनाराच गिळून बसला.

तिकडे म्हणे सगळं सुख होतं. पण मत घेतलं, तर जवळजवळ सगळे म्हणाले, घरी जायचं.

आणि दोन वर्षांनी आले की! जहाज लांब उभं राहिलं. पाहणीला आधी येऊन राहिलेल्या गड्यांनी मला घाईघाईत रंग फासून पाण्यात ढकललं. कप्तानानं निरोप दिला होता, समुद्र चढतोय, उतरता आलं नाही तर माणसं परत नेतो. पहिल्या खेपेला जहाजावरून मावशी उतरून माझ्यात बसली, सुकाणूवर तिच्याबरोबरच आलेला काका.

आणि काकानं घोळ घातला. जन्मभर तो मावशीचं धुराडं आणि मागच्या डोंगरातली घळ एका रेषेत धरून किनाऱ्याला लागायचा. हात सवयीनं तिकडेच वळले. तिथं आता काळा खडक!

"अँब्रोज, माझं धुराडं काय बघतोस? पुढं बघ."

"अगं ताई, चाळीस वर्षं इथूनच..."

"चाळीस वर्षं तिथं खडक नव्हता, शहाण्या."

त्यानं मला वळवलं, पण खडक घासून कुशीला टर्रकन फाटलं. पाणी आत! मावशीनं अंगावरची लोकरीची शाल भोकात कोंबली आणि वर चक्क बसली. वल्ही मारणारे हसले. ती म्हणाली, "हसू नका, ओढा. मी उठले तर सगळेच पोहाल."

एका लाटेवर आम्ही खडकाशेजारच्या नव्या वाळूत घुसलो. किनाऱ्यावर आरडाओरडा, मिठ्या! मावशी मात्र आपल्या घराकडे बघून म्हणाली, "ते आहे तिथंच आहे. सुई-दोरा आणा, रंग आणा. बाकीची माणसं जहाजावर ताटकळलीत."

तिनं मला तिथंच शिवलं आणि परत पाण्यात ढकललं. खेपेवर खेप झाली, आणि अंधार पडायच्या आत सगळं गाव घरी!

म्हणून मित्रांनो, काम नसलं तरी आम्हा होड्यांना वर्षातून एकदा रंग द्या, फाटलं तर शिवा. मला तेवढं पुरे. गावाला किनाऱ्यावर उतरवायचं माझ्याकडे लागलं.