लोनीच्या बारकडचं वळण

मित्रांनो, माझा हौदा गंजून जाळीदार झाला आहे आणि डावं दार जोराचा हिसका दिल्याशिवाय उघडत नाही. तेव्हा मी एक जुना पिकअप ट्रक आहे, हे वेगळं सांगायला नको. उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींभोवती माझं आयुष्य गेलं. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ बर्फ वितळवतं आणि आम्हा गाड्यांना खातं.

मिशिगनच्या कारखान्यातून आलो तेव्हा मी गर्द निळा होतो. डेल कांगासने मला घेतलं ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. डेल खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. शनिवारी मला धुवायचा आणि वर कापडाने पुसायचाही. त्याची बायको जोलीन म्हणायची, "माझ्या केसांवरून कधी इतक्या मायेने हात फिरवलास का रे?" डेल नुसता हसायचा. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे खाण बंद पडली. काही महिन्यांनी ती पुन्हा सुरू झाली, डेलला परत बोलावलंही. पण त्या रिकाम्या महिन्यांत त्याला दारूची सवय लागली होती. खाणीवरून येताना एक चौक लागतो. डावीकडे घर, उजवीकडे लोनीचा बार. आधी आम्ही शुक्रवारी उजवीकडे वळायचो. मग रोजच वळू लागलो. मला धुणं थांबलं. माझ्या आसनाखाली रिकाम्या बाटल्या खुळखुळू लागल्या.

एका दुपारी तो प्यायलेलाच शाळेत गेला आणि आपल्या मुलीला, सेलमाला घेऊन निघाला. ती तेव्हा दुसरीत होती. तळ्याजवळच्या वळणावर मी रस्ता सोडला आणि उताराने खाली जाऊन एका बर्च झाडावर आदळलो. सेलमाचा हात मोडला. ती रडली नाही. मदतीला आलेल्या माणसाने तिला बाहेर काढलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला बाबाच्या गाडीत परत बसवू नका."

जोलीन मुलीला घेऊन बहिणीकडे गेली. डेलचा परवाना गेला आणि न्यायालयाने त्याला उपचार घ्यायला लावले. वर्षभर मी अंगणात उभा होतो. उंदरांनी माझ्यात घर केलं. परवाना परत मिळाला त्या दिवशी डेलने मला चालू केलं, आणि माझ्या उजव्या आसनावर एक नवीन बाई येऊन बसली.

तिचं नाव रोझलिन. पांढऱ्या वेणीची, ठेंगणी, इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांपैकी. व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या विचारांवर आणि वागण्यावर ती उपचार करायची. दवाखान्यात दोघांचं काय बोलणं व्हायचं ते मला ठाऊक नाही. माझ्यात बसून झालं तेवढं सांगतो.

"चला, खाणीपासून घरापर्यंत," ती म्हणाली. "रोज जायचात तसेच."

चौक आला आणि डेलचा हात उजवीकडे वळला.

"थांबा. बाजूला घ्या. आत्ता डोक्यात काय आलं?"

"काही नाही हो बाई. हात आपोआप वळला."

"हात कसला आपोआप वळतोय! त्याच्या आधी कुणीतरी आत बोलतं. नीट ऐका."

डेलने मला बाजूला घेऊन बंद केलं. मग म्हणाला, "दिवसभर राबलोय, निदान एक तरी माझ्या हक्काची आहे. असं काहीतरी."

"बरं. आणि ती एक, आजवर कितीदा एकच राहिली?"

डेलला हसू फुटलं. "एकदाही नाही."

"मग हे बोलणारा खोटारडा निघाला की! त्याचं ऐकायचं कशाला?"

त्यानंतर तिने जे केलं त्याने मी हबकलोच. तिने मला थेट बारसमोर उभं करायला लावलं. डेलच्या तळहातांना घाम आला. माझं स्टिअरिंग ओलं झालं. "हे काय चालवलंय बाई? मला आत जावंसं वाटतंय!"

"वाटू द्या. पळू नका, जाऊही नका. कुठे वाटतंय ते सांगा."

"घशात. छातीत. वाढतंय."

ती शांतपणे आपल्या डब्यातली पेस्टी, म्हणजे बटाटा-मटण भरलेली भाजकी करंजी, खात बसली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. माझा हीटर घरघरत होता. खूप वेळाने डेल आश्चर्याने म्हणाला, "कमी झालं."

"होणारच. लाट चढते तशी उतरते. तुम्ही आजवर ती उतरेपर्यंत कधी थांबलाच नव्हता."

असे आम्ही पुष्कळदा गेलो. कामावरून सुटल्यावरचा रिकामा वेळच घातक, म्हणून डेल त्या वेळी शाळेच्या स्केटिंगच्या मैदानावर साचलेला बर्फ साफ करायला जाऊ लागला. घरी जाण्याचा रस्ताही त्याने बदलला.

पण मित्रांनो, गोष्ट इतकी सरळ नव्हती. हरणांच्या शिकारीच्या मोसमात जुने सोबती भेटले आणि डेल लोनीकडे गेला. बाहेर आला तो हातात बाटली घेऊनच. माझ्यात बसून त्याने रोझलिनला फोन लावला.

"बाई, संपलं सगळं. घेतली मी."

"आत्ता कुठे आहात?"

"गाडीत. बाटली मांडीवर आहे."

"आणि डोकं काय म्हणतंय?"

"म्हणतंय, एवीतेवी बुडालोच आहोत, तर पुरतं बुडू."

"अहो, एक पायरी चुकली म्हणून माणूस मुद्दाम उरलेला जिना गडगडत जातो का?"

डेलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझ्यासारखा गाढव जातो."

"मग आज जाऊ नका. उद्या सकाळी या. पाय कशावरून घसरला ते दोघं बघू."

त्याने काच खाली केली आणि बाटली बर्फात उपडी केली. मग चावी खिशात घालून तो पायी घरी निघाला. मला तिथेच सोडून! माझ्यावर रात्रभर बर्फ साचत राहिला. कुणीतरी मला टाकून गेल्याचा आनंद आयुष्यात मला तेवढा एकदाच झाला.

त्यानंतर तो प्यायला नाही असं मी म्हणत नाही. आणखी एकदा घसरला, आणखी एकदा उठला. मग मात्र वर्षं सरळ गेली. जोलीन परत आली नाही. तिने दुसरा संसार मांडला, आणि तो तिचा हक्कच होता.

सेलमा आता पंधरा वर्षांची आहे. परवा डेल तिला गाडी शिकवायला गोठलेल्या तळ्यावर घेऊन आला, तेव्हा ती माझ्या दारापाशी कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने दार ओढलं आणि स्टिअरिंगमागे बसली. डेल शेजारी.

"बर्फावर वळण आल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही," तो सांगू लागला. "वळण लांब असतानाच वेग कमी करायचा."

"हे गाडीचं सांगतोयस की तुझं?"

"दोघांचं."

"मग तुला जमायला लागलंय म्हणायचं," ती म्हणाली आणि तिने मला चालू केलं.

मित्रांनो, प्यायलेल्या माणसाच्या हातातली चावी काढून घ्या. तो कितीही रागावला तरी. आणि शुद्धीवर आल्यावर त्याला नुसतं 'सुधारायचं तुझ्या मनातच नाही' असं म्हणून टाकून देऊ नका. त्याच्या मनात फार काही चाललेलं असतं. ते ऐकून घेणारं कुणीतरी त्याच्या शेजारच्या आसनावर बसायला हवं.