त्रेचाळीस ओळी

सहा नंबरचं डायलिसिसचं यंत्र पहिल्या पाळीसाठी साडेसातपासून तयार होतं. नळ्या धुतलेल्या, पलंगावर कोरी चादर, उशीकडची बाजू थोडी वर उचललेली; कारण मास्तरांना सपाट झोपवलं की धाप लागते. साडेआठ झाले तरी पलंग रिकामाच. बाकीच्या दहा यंत्रांवर दहा माणसं रक्त धुऊन घेत पडली होती आणि प्रत्येकाची नजर फिरून फिरून तिथेच जात होती. त्या खोलीत रिकाम्या पलंगाचा अर्थ कुणी विचारत नाही.

पाळ्यांची यादी करणाऱ्या यादीबाईंनी फोन लावला. पलीकडून मास्तरांचाच आवाज आला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

"नव्या यादीत माझी पाळी बुधवारी सकाळी पडली म्हणे," मास्तर म्हणाले. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. "आणि सुताराची मंगळवारी दुपारी. तो काल येऊन गेला. आज त्याचं काम आहे लांब कुठेतरी. मी कुणाच्या डोळ्यांनी येऊ, बाई?"

मास्तरांना दिसत नाही. साखरेनं आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. सुताराची मूत्रपिंडं कशानं गेली ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. पण देवानं दोघांना एकाच गल्लीत राहायला ठेवलं होतं, आणि सुताराकडे तीनचाकी गाडी होती. गेली आठ वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार तो फळ्या-खिळ्यांच्या शेजारी मास्तरांना बसवून आणायचा. दोघं शेजारच्या पलंगांवर चार तास भांडायचे, आणि तसेच भांडत घरी जायचे. मास्तरांचं रक्त शनिवारी धुतलं होतं. आज बुधवार. पाय सुजले असणार, हे यादीबाईंना फोनवरच्या श्वासावरून कळलं.

त्यांनी सुताराला फोन केला. त्यानं एवढंच विचारलं, "गेलेत का हो?" नाही म्हटल्यावर त्यानं अर्धवट बसवलेली चौकट तशीच सोडली आणि निघाला.

मूळ गोष्ट अशी. एकोणीस वर्षांपूर्वी रुग्णालयात पहिला संगणक आला, तेव्हा यादीबाई पाळ्यांची यादी पेन्सिलीनं करणाऱ्या साध्या कारकून होत्या. कुणाचं तरी पुस्तक मागून आणून त्या शिकल्या आणि यादी करणारा प्रोग्राम स्वतः लिहिला. चार हजार ओळींचा. दर शनिवारी तो सुरू करायचा, त्याला चाळीस मिनिटं लागायची, तेवढ्यात बाई चहा करायच्या, आणि मग सहा-सात चुका हातानं दुरुस्त करायच्या. आता त्या पाच महिन्यांनी निवृत्त होणार होत्या. बाई गेल्यावर हे धूड कोण सांभाळणार, असं अधीक्षकसाहेबांनी विचारलं, आणि प्रश्न खोटा नव्हता. म्हणून त्यांनी बाहेरची एक इंजिनिअर बोलावली. तिनं एक तयार सॉफ्टवेअर आणलं. फुकटचं, कुठकुठल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, उघडून आत बघावं असं. ते तीच यादी चार सेकंदांत करायचं.

बाई आकाशपाताळ एक करणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. इंजिनिअर तर समजुतीची चार वाक्यं पाठ करूनच आली होती. पण बाईंनी तीन दिवस चष्मा लावून त्या सॉफ्टवेअरच्या पोटातलं सगळं वाचलं आणि म्हणाल्या, की माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय, माझं आजच पुसा. फक्त ह्या त्रेचाळीस ओळी तेवढ्या त्यात घ्या. साहेबांनी साफ नाही म्हटलं. एक अपवाद ठेवला की मागून सगळं जुनं परत येतं, असं त्यांचं म्हणणं. मंगळवारी नवी यादी लागू झाली, आणि बुधवारी सहा नंबरचा पलंग रिकामा राहिला.

अकराला सुतारानं मास्तरांना धरून आणलं. सुई टोचून यंत्र फिरायला लागलेलं पाहिल्यावरच यादीबाई साहेबांच्या खोलीत गेल्या. इंजिनिअर तिथेच बसली होती. टेबलावर जुना प्रोग्राम बंद करण्याचा कागद होता आणि त्यावर बाईंची सही हवी होती. बाईंनी तो उचलला, वाचला आणि उलटा करून ठेवला.

"सही करणार नाही."

साहेबांनी आवाज चढवला नाही. निवृत्तीच्या तोंडावर असलं करू नका, तुमच्याच कागदपत्रांना अडचण होईल, असं त्यांनी समजावलं.

"निवृत्तीच्या तोंडावर आहे म्हणूनच करतेय. नंतर माझं कोण ऐकणार?"

"अहो, उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला अमुकच्याच शेजारी झोपायचंय."

"म्हणू दे ना. चार सेकंदांत सगळं बसवतं ना तुमचं सॉफ्टवेअर? मग पाच घेईल."

इंजिनिअरनं हसू दाबलं. साहेबांना ते दिसलं आणि ते अधिकच चिडले. स्वतःचं लिहिलेलं सोडवत नाही, हेच खरं कारण, असं ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, "साहेब, देवाचं गाणं कुणाच्या मालकीचं नसतं. कुणीतरी रचलं, शंभर जणांनी घासूनपुसून गोड केलं. त्याच्यापुढे मी माझं यमक कशाला मिरवू? चार हजार ओळी मी स्वतःच्या हातानं पुसते. पण ते गाणं इथे म्हणायचं, तर इथल्याच गळ्यानं म्हणावं लागेल. मास्तरांना कोण आणतं, हे त्या लांबच्या माणसांना कसं कळणार? ते आपणच सांगायचं असतं."

त्यांनी छापून आणलेली दोन पानं पुढे ठेवली. प्रत्येक ओळीच्या वर साध्या भाषेत कारण लिहिलेलं होतं. *सुतार मास्तरांना आणतो. दोघं एकाच पाळीत.* *धोबीणबाईंची बस आठला पोचते. पहिली पाळी देऊ नये.* *ह्यांची मुलगी शाळेत असते तेव्हाच बोलवावं, तिला दिसू नये म्हणतात.* साहेब वाचत गेले. बऱ्याच ओळींच्या सुरुवातीला एकच खूण होती. ही कसली, असं त्यांनी विचारलं.

"खूण घातली की संगणक ती ओळ वाचत नाही. ती माणसं गेली."

"मग ठेवली कशाला?"

"पुसायला हात धजला नाही."

तेव्हा इंजिनिअर पहिल्यांदा बोलली. सॉफ्टवेअरच्या आत हात घालायची गरजच नाही, हे नियम वेगळ्या फाईलमध्ये बाहेर ठेवता येतात, ते बदलले तरी मूळ तसंच राहतं, आणि साधं लिहिलंय म्हणून पुढे येणाऱ्या कुणालाही कळेल. दोन दिवसांचं काम. आधी का नाही सांगितलं, म्हणून साहेबांनी विचारलं. "तुम्ही अपवाद नको म्हणालात," ती म्हणाली. "हे अपवाद नाहीत. हे तुमचे पेशंट आहेत."

साहेबांनी ती दोन पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग पेन काढून पानाच्या कोपऱ्यात लिहिलं : दोन दिवस. तोवर जुनी यादी चालू.

शुक्रवारी संध्याकाळी नवं सगळं चालून दाखवल्यावर यादीबाईंनी कागदावर सही केली आणि चार हजार ओळी एका बटणानं पुसल्या. डोळ्याची पापणीही लवली नाही. पलीकडे इंजिनिअर नव्या फाईलमधले चालू असलेले बारा नियम पुन्हा तपासत होती. तपासून झाल्यावर तिनं उरलेल्या एकतीस ओळीही त्यांच्या खाली उतरवून घेतल्या, प्रत्येकीपुढच्या खुणेसकट. बाईंनी पाहिलं.

शनिवारी दुपारी बाईंनी पुढच्या आठवड्याची यादी सुरू केली आणि सवयीनं चहाचं आधण ठेवलं. मागे वळून पाहतात तर यादी तयार. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पाण्याला अजून बुडबुडेही आले नव्हते. त्यांनी शेगडी बंद केली आणि यादी घेऊन आत गेल्या.

सहा आणि सात नंबरच्या पलंगांवर भांडण रंगात आलं होतं. पावलं ओळखून मास्तर थांबले. "झाली यादी?"

"झाली."

"एवढ्यात? मग आता तुम्ही काय करणार?"

बाईंनी भिंतीकडची खुर्ची उचलली, दोन पलंगांच्या मध्ये ठेवली आणि बसल्या.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या.